उजवा बूट फाटलाय

ती घटना मला आजही आठवते ती भर दुपारीच, आणि आठवली की ताटातला भात गार होतो. नव्वदीच्या सुरुवातीला मी डोंबिवलीकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. माझ्या मिशीला भिऊन दिवा गावातले चोर आंबिवलीला पळत. हे मी कमी करूनच सांगतोय.

खाडीकाठच्या मिठागरावरचा एक आगरी माणूस ऐन बाराला बांधावरून नाहीसा झाला. जमिनीच्या कागदावर अंगठा देईना, म्हणून दलाल त्याच्या मागे होतेच. पण गाव म्हणालं, गिऱ्ह्यानं नेला. गिऱ्हा म्हणजे माणसाला पाण्यात ओढणारं खाडीचं भूत. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली. "सायेब, वळणावर टकटक आयली न माजा मानूस गेला." मी स्वतः त्या बांधावर उभा राहिलो. वारा नाही, पाखरू नाही. हवालदार तर रामरक्षा म्हणू लागला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "साहेब, ज्यानं माणूस नेला, त्याचा उजवा बूट फाटलाय. आत मीठ भरलंय." फोन बंद.

झालं! पंचक्रोशीतल्या यच्चयावत दलालांचे बूट मी ठाण्यात मांडले. देवळाबाहेर नसतील इतके. अकरा उजवे फाटके निघाले, त्यातला एक माझा. मीठ कुठेच नाही. एका दलालाचे बूट आरशासारखे होते. त्याला मी चहा पाजून सोडला.

संध्याकाळी मानपाड्याचा एक गॅरेजवाला घाबरत आला. फोन त्याचाच होता. म्हणाला, "साहेब, पायातला नाय ओ. गाडीचा. एक्सलवर रबराचं टोपण असतं, त्याला बूट बोलतात." ज्याला मी चहा पाजला, त्याचीच गाडी.

मी गाडीखाली सरपटलो. रबर फाटून ग्रीस चाकभर उडालेलं, त्यात खडेमीठ, आणि एक्सलला गुंडाळलेली, हरवलेल्या माणसाच्या चौकडीच्या रुमालाची चिंधी. पंचनामा केला. दलाल तासभर कानावर हात ठेवून होता. मग त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि हवालदाराला सांगितलं, स्टिअरिंग पूर्ण वळवून आवारात गोल फिरव. टक, टक, टक. बूट फाटून मीठ गेलेला एक्सलचा सांधा वळताना वाजत होता. पायरीवरची बाई ताडकन उठली. "ह्योच त्यो." तिसऱ्या फेरीला दलालानं आंबिवलीच्या बंद खोलीचा पत्ता दिला.

माणूस जिवंत होता. गाडीच्या तळाशी दाबून नेताना तो ती टकटक कानाखाली ऐकत गेला होता. आम्हाला पाहून एवढंच विचारलं, "अजून किती वळनं?"

घरी त्याच्या बायकोनं त्याच्यावरून मीठमोहरी ओवाळली आणि दृष्ट काढायला स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. तो आवाज होताच तो खाटेखाली शिरला. दोन दिवस बाहेर आला नाही.

तोवर मी अहवालात लिहून टाकलं होतं: 'अपहृत इसम सुखरूप मिळून आला.' पुढे बदल्या झाल्या, बढत्या झाल्या. पण माणूस घरी बसून दोन घास जेवताना पाहिल्याशिवाय 'सुखरूप' हा शब्द मी पुन्हा कागदावर लिहिला नाही.