जाईचं माहेरपण

मिरजगावच्या अलीकडे, रस्त्यालगत, एका म्हाताऱ्या माळीबाबांची नर्सरी आहे. उभा जन्म रोपांत गेलेला. अंगठ्याचं नख कायम हिरवं. त्यांच्याकडून नेलेली जाई वाळली, म्हणून मी कुंडी घेऊन तक्रार करायला गेलो. बाबांनी नखाने फांदी खरवडली. आत हिरवी रेघ निघाली.

"मेली न्हाई, रुसलीय. ऱ्हाऊ द्या हितं माहेरपनाला."

पावसाळा सरता न्यायला गेलो, तर जाई फुलांनी भरलेली. बाबांनी मला जावयासारखं खाटेवर बसवलं, कपबशीतून चहा दिला. मग सहज विचारलं, "घरी पानी कोन घालतं?"

"मीच," मी ऐटीत म्हणालो.

बाबांनी कुंडी उचलून पुन्हा सावलीत ठेवली.

"मग ऱ्हाऊ द्या अजून. तुमी येत जावा भेटायला."