वाट सोडून दिली

काशीबाईची आठवण निघाली की मला आधी आमच्या सीनियर वकिलांचा राग येतो. माणूस भला, पण शिकलेला पुण्यात, नि पक्षकाराचं बोलणं ‘शुद्ध’ करून लिहायची भारी खोड!

शहाण्णव सालची गोष्ट. मी महाडच्या कोर्टात नवीनच वकिली सुरू केली होती. काशीबाई दासगावच्या बौद्धवाडीतली. घरापुढची जागा तिने शेजारच्या श्रीपतला विकली, आणि त्याने कुंपण घालून तिची रस्त्यावर यायची वाटच बंद केली. तिचा नवरा जानू, अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. काठी टेकत रोज एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची, एवढंच त्याचं जगणं उरलं होतं. घरामागून फिरून जायचं तर चढण, ती त्याला जमेना. कुंपण झाल्यापासून तो घरात कोंडला गेला, जेवणसुद्धा टाकलं त्याने.

काशीबाईने आमच्या सीनियर सरांना सांगितलं होतं, “वाट सोडून दिलीय मी.” सरांनी दाव्यात लिहिलं, ‘वादीने सदर वाट सोडून दिली आहे.’ झालं! श्रीपतच्या वकिलांनी लगेच अर्ज ठोकला. वाट सोडल्याचं बाई स्वतःच म्हणते, मग तक्रार कसली? दावा सुरुवातीलाच फेटाळा.

तो अर्ज मी तिला वाचून दाखवला. बाई कोर्टाच्या व्हरांड्यातच कडाडली, “मी कवा सोडली गो? जागा दिली, वाट सोडून! वाट माझीच हाय!”

अगं बाई! म्हणजे वाट वगळून जागा दिली. मला हसू आवरेना, नि डोळेही भरून आले.

दावा दुरुस्त करायचा अर्ज मी लगोलग दिला. श्रीपतचे वकील तावातावाने उठले, “आधी आमचा अर्ज चालवा, साहेब!”

न्यायाधीश म्हणाले, “पुरावा अजून सुरू झालेला नाही. दुरुस्ती मंजूर. तुमचा अर्ज जुन्या दाव्यावर होता, तो मजकूर आता राहिलाच नाही. दुरुस्त दाव्यावर हरकत असेल तर नव्याने अर्ज करा.”

ज्या वाक्यावर त्यांची सगळी भिस्त होती, तेच गेलं. पुढे हुकूम झाला, श्रीपतला कुंपण काढावं लागलं, आणि जानू पुन्हा थांब्यावर हजर! माझी एसटी तिथे थांबली की काठी उंचावून ओरडायचा, “वकीलबाई, आज कोनाला हरवताय?” सगळी गाडी हसायची. काय दिवस होते ते! अजून त्या थांब्यावरून जाताना माझी मान आपसूक खिडकीकडे वळते.

काही वर्षांनी जानू गेला. काशीबाई मुंबईला लेकीकडे, राजश्रीकडे राहायला निघाली. घर ती श्रीपतलाच विकत होती, आणि खरेदीखत लिहायला माझ्याकडेच आली.

“आणि वाट?” मी विचारलं.

“वाट सोडून दिली.”

“काशीबाई, नीट सांगा हं. सोडून म्हणजे वगळून ना?”

तिने पदराने तोंड पुसलं. “नाय गो. चालनारा गेला ना. आता खरंच सोडून दिली. लिव.”

मला ते लिहवेना.