भावोजींची नऊ कार्डं

भावोजींचा स्वभाव असा, की साधी चप्पल घ्यायची तरी चार दुकानं पालथी घालतील आणि पाचव्या दिवशी जुनीच शिवून आणतील. ताई या स्वभावाला चाळीस वर्षं हसली. मी तिची धाकटी बहीण. तिला काही आठवेनासं व्हायला लागलं तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आले, त्याला आता तीन वर्षं झाली.

भावोजी जुने घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. एका खोलीचं दुकान, आणि टेबलावर त्यांच्या अक्षरातली पाटी: 'आधी प्रत, मग हात.' म्हणजे गिऱ्हाइकाच्या डिस्कवर जे असेल ते आधी दुसरीकडे उतरवायचं, मगच पान्याला हात लावायचा. त्यांनी कधी कुणाचं एक अक्षर घालवलं नाही. हे मी त्यांची बाजू घेऊन सांगतेय. पुढे घेणार नाही.

ताईचाही असाच एक जुना कॉम्प्युटर घरात होता. स्वयंपाक आवरला की ती त्यावर रोज चार ओळी लिहायची, एकोणीस वर्षं. कुणाला ताप आला, कोण कुणावर रुसलं, दूध नासलं. तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. आता मात्र तेच कामाला आलं. दिवसभर नवऱ्याला 'डॉक्टर' म्हणणाऱ्या ताईला भावोजी संध्याकाळी पडद्यासमोर बसवायचे, एखादं पान वाचायचे, आणि ती मान हलवून म्हणायची, हे मी लिहिलंय. मग त्यांच्याकडे बघून, "तुम्ही त्या दिवशी छत्री विसरला होतात." तेवढी दहा मिनिटं ती त्यांची बायको असायची.

मग डिस्क घासल्यासारखी वाजायला लागली. भावोजींनी ठरवलं, सगळं नव्या जागी हलवायचं. झालं, चपलेचा खेळ सुरू! त्याच वयाची जुनी डिस्क घ्यावी, तर ती किती दिवस टिकणार? कॅमेऱ्यात घालतात तसलं कार्ड अडॅप्टरवर बसवावं, तर मोठं कार्ड त्या म्हाताऱ्या यंत्राला दिसेचना. लहान दिसलं, पण तापलं की अडायचं. एका अडॅप्टरची भोकं उलटी निघाली. एक छान चाललं, तर भावोजींना त्याचा वेग पटेना. सात महिने आणि आठ कार्डं! मी म्हटलं, अहो, निदान फोनवर पानांचे फोटो तरी काढू. तर म्हणे हजारो पानांचे काय फोटो काढतेस, आणि डिस्क तेवढा वेळ चालवायची का? डिस्कला त्रास नको म्हणून त्यांनी संध्याकाळचं वाचनसुद्धा बंद केलं. ताईने कधी विचारलं नाही. ती नुसती आणखी लांब गेली. माझं डोकं फिरलं होतं. मी तोंडावर म्हटलं, पाखडत बसा तुम्ही, तोवर जातं बंद पडेल.

नववं कार्ड पसंत पडलं. एकच खोड होती त्याला. एकाच केबलच्या पट्टीवर दोन डिस्क लावल्या की पहिली कोण आणि दुसरी कोण, हे जंपर नावाच्या तांदळाएवढ्या टोपीवर ठरतं. हे कार्ड फक्त पहिलं म्हणूनच चालायचं. भावोजींनी सकाळी स्वतःच्या हाताने टोप्या बदलल्या, कार्ड पहिलं केलं, ताईची डिस्क दुसरी. तेवढ्यात ताई न्हाणीघरात अडखळून पडली. तिला उठवून, कपडे बदलून, केस विंचरून ते परत टेबलाशी आले. आणि हाताने तेच टाइप केलं जे तो हात तीस वर्षं करत आला होता: पहिल्यावरचं सगळं दुसऱ्यावर उतरव.

चाळीस मिनिटं ते काम चाललं. मी चहा नेऊन दिला, तेव्हा ते गुणगुणत होते. कोरं कार्ड ताईच्या डिस्कवर उतरत होतं आणि आम्ही दोघं बिस्किटं खात होतो. कुंपणानेच शेत खाल्लं.

त्यांनी यंत्र परत चालू केलं. ताईचं एकही पान आलं नाही. मग म्हणाले, "मी तिला पुसून टाकलं."

 धंद्यातल्या दोन जुन्या मित्रांना त्यांनी डिस्क दाखवली. एकाने फोनवर सांगितलं, दुसऱ्याने घरी येऊन. दोघांचं उत्तर एकच: यातलं आता काही परत येणार नाही.

महिन्याभराने एका संध्याकाळी त्यांनी ताईला पुन्हा पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर काही नव्हतं, नुसती एक खूण लुकलुकत होती. ते वाचल्यासारखं करून बोलायला लागले, "आज भाजी खारट झाली. ह्यांनी न बोलता खाल्ली." आठवून आठवून, न आठवेल तिथे मनाचं घालून, अर्धा तास. आवाजसुद्धा तोच वाचनाचा. ताई पडद्याकडे बघत होती. ज्या बाईला स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही, तिने सावकाश मान हलवली.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "तुम्ही कोण?"

भावोजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दुरुस्तीवाला," ते म्हणाले.

ताईने मला हाक मारली. म्हणाली, यांना चहा दे, आणि माझं कधी दुरुस्त होईल ते विचार. मी आत जाऊन चहा ठेवला.