आदिपक्ष्याचा वरचा जबडा

बुधाच्या घराण्यात बोहाड्याचे मुखवटे होत आले. पेठ तालुक्याकडच्या त्या उत्सवात देव-राक्षसांची सोंगं नाचतात, त्यांची तोंडं ह्याच्या हातची. आणि हा माणूस उतारवयात देवळाली कॅम्पजवळ शेखरशेठच्या शेडमध्ये फायबरचे डायनासोर करू लागला. पोट कुणाला चुकलंय! मुलगा सुनील तिथे आधीपासून होता, त्यानेच बापाला आणलं. डोकी बापाकडे, पाय आणि शेपट्या मुलाकडे.

एका प्रदर्शनासाठी आदिपक्षी हवा होता. पिसं पक्ष्याची, दात डायनासोरचे, तोंड उघडझाप करणारं. चित्रावरून जबड्याचा सांधा काही कळेना. रविवारी घरी कोंबडी शिजली तेव्हा बुधा तिचं मुंडकं साफ करून बसला. कवटी आणि खालचा जबडा यांच्यामध्ये एक बारकं सुटं हाड निघालं. ते पुढे ढकललं की वरची चोचही किंचित उचलली जायची. बुधा हरखलाच. त्याने तसाच, दोन्ही जबडे उघडणारा सांधा केला.

मग मात्र त्याने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. त्यांच्यात मुखवट्याचे डोळे रंगवले की नारळ फोडतात, आणि नारळ फुटला की त्या तोंडाला पुन्हा हत्यार लावत नाहीत. सवयीने त्याने डोळे रंगवले, नारळ फोडला. तपासणी अजून व्हायची होती, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

तपासायला आलेल्या योगिनी मॅडम कॉलेजात जीवाश्म शिकवतात. "ते हाड डायनासोरांनाही होतं," त्या म्हणाल्या, "पण इतक्या जुन्या पक्ष्याची वरची चोच अशी उचलली जात नसावी. ती करामत नंतरच्या पक्ष्यांची. वरचा जबडा पक्का बसवा." एवढं सांगून त्या गेल्या.

"काप तो जबडा," शेठ म्हणाला.

"शेठ, नारळ फुटलाय याच्यापुढं. दुसरं डोकं करून देतो, पण याला कापाया नको."

शेठ असा खदखदून हसला की शेडमधली सगळी हसू लागली. त्याने कटर बुधाच्या हातात कोंबला. "तूच कापायचं, सगळ्यांसमोर. नाहीतर घरी जा, आणि पगार देवाकडून घे." बुधा शेठच्या पायांशी वाकला. माणसाने किती वाकावं! हे सांगताना मला तर अजून चीड येते.

"बा, सरक," सुनील म्हणाला. त्याने बापाच्या हातातला कटर घेतला आणि डोळ्यांखालून जबडा उतरवला. मध्येच शेठकडे बघून तो हसलासुद्धा. बुधाला जबड्यापेक्षा ते हसू जास्त लागलं.

"उद्यापासून डोकी तू कर," शेठ सुनीलला म्हणाला. "म्हातारा पाय घाशील."

शनिवारी आठवड्याच्या सुट्टीला दोघं घरी गेले. "आये, मला बढती मिळाली," सुनीलने सांगितलं. कुणाच्या जागेवर, ते सांगितलं नाही. मंगलाबाईने आनंदाने गुळाचा खडा आणला. "ज्यानं शिकवलं त्याला आधी," म्हणत तिने तो नवऱ्याच्या ओठांपुढे धरला. पोरगा बघत होता. बुधाने गुळासाठी तोंड उघडलं.