दरडीपलीकडची जीप

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं, चुकाही असतील, सांभाळून घ्यावं.

आज पोत्यातल्या दमट सुपारीचा वास आला आणि तो घाट आठवला. तापानं फणफणलेली तान्ही लेक पदराखाली होती. श्रीवर्धनहून निघालेली एसटी कोसळलेल्या दरडीपाशी अडली. एसटीतल्या माणसांनी चिखलातून लेकीला हातोहात पलीकडे नेलं, मागनं मीही गेले. तिथे सुपारीची पोती भरलेली जीप उभी होती. मी जीपवाल्याला हात जोडले.

"दादा, माणगावच्या दवाखान्यात न्या. पैसे न्हाईत."

"बस गं बाय. भाडं मागनं दे, आधी पोरीला ऊब दे."

मी तिचे गार पाय चोळत राहिले. घाट उतरण्याआधीच ती गेली.

तेव्हा मी पावसाला शिव्या घातल्या. आता आधी ते चिखलाचे हात आठवतात. तिच्या एकुलत्या एका प्रवासाचं भाडं, जीपवाला नको म्हणत असतानाही, मी नंतर पुरतं फेडलं.