बॅट टाकून पळा

सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळाला रविवारी सकाळी आंग मो किओतलं एक मैदान मिळायचं. त्यावर पुरुष क्रिकेट खेळायचे आणि बायका झाडाखाली पोहे वाढायच्या. त्यांतल्या काहीजणी तांजोंग पगारच्या बँकांत आख्खे विभाग सांभाळत होत्या. त्यांना खेळायला बंदी नव्हती, हेच मला जास्त टोचायचं. बंदी असती तर तिच्याविरुद्ध पत्रक काढता आलं असतं. पुण्यात कॉलेजात मी तेवढंच तर शिकले होते. इथे सगळे म्हणायचे, "या ना, खेळा ना." बाई बॅट घेऊन उभी राहिली की हळूच अंडरआर्म टाकायचे आणि चेंडू बॅटला लागला की टाळ्या वाजवायचे.

त्या सुमारास लायब्ररीत एकोणिसाव्या शतकातल्या बेसबॉलविषयी एक जाडं पुस्तक हाती लागलं. मला वाटलं होतं कुणा एकाने बसून तो खेळ शोधला असेल. तसं नव्हतं. अमेरिकेतल्या गावागावांत पोरं तो आपापल्या नियमांनी खेळत होती. मग कारकून, दुकानदार, आगीच्या बंबावरची माणसं कामावरून सुटल्यावर मोकळी जागा गाठू लागली, क्लब काढू लागली. हातमोजे नव्हते. एक टप्पा पडलेला चेंडू झेलला तरी आउट. काही गावांत तर पळणाऱ्याला चेंडू फेकून मारायचा, आपल्या आबाधुबीसारखा.

मला त्यातली एकच गोष्ट हवी होती. हा खेळ आमच्यात कुणालाच येत नव्हता. म्हणजे कुणी कुणाला अंडरआर्म टाकणार नव्हतं.

मी पत्रक लिहिलं, दिवाळीच्या कार्यक्रमात दारात उभी राहून वाटलं. मंडळाच्या अध्यक्षांना सगळे काका म्हणायचे. त्यांच्या जुरोंग ईस्टच्या कॉन्डोत बैठक बसली.

"अगं, पण आपलं क्रिकेट आहे ना," काका म्हणाले.

"तुमचं आहे, काका."

"आमचं म्हणजे? तू काय परग्रहावरून आलीस?"

"मी पोह्यांच्या बाजूने आले."

काकू स्वयंपाकघरात हसल्या. काका हसले नाहीत, पण एक रविवार दिला. सामना पूर्ण झाला तर महिन्यातला एक रविवार बेसबॉलचा, बायका-पुरुष मिळून. नाही झाला तर विषय बंद.

माझ्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी हे सगळ्यांत जास्त मनावर घेतलं. रोज संध्याकाळी फ्लॅटमध्ये मोज्यांचा गोळा करून त्या सराव करत. नवरा क्रिकेट संघाचा कॅप्टन. त्याला सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी तांदळाच्या पिशव्यांत वाळू भरून आम्ही बेस मांडले. काका अंपायर. बॅटिंगला आधी कॅप्टन आला. चेंडू लांब हाणला आणि बॅट काखोटीला मारून पळाला. पहिल्या पिशवीशी बॅट टेकवली आणि दुसरी धाव काढायला सरळ माघारी आला.

"पुढे जायचं, मागे नाही. आणि बॅट टाकून पळायचं," मी ओरडले.

"बॅट टाकून? रनआउट झालो तर?"

दुसरा आयटीतला मॅनेजर. त्याने चेंडू तटवला आणि जागेवरच उभा.

"पळा."

"तिथे रन नाहीये."

"इथे मारलं की पळावंच लागतं."

"जबरदस्ती आहे का?"

"हो."

तरी खेळ पुढे सरकत होता. बायका पटापट शिकल्या, कारण विसरण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. मग कॅप्टनच्या बाजूच्या एकाने मारलेला चेंडू टप्पा पडून समोरच्या एका अकाउंटंटच्या हातात बसला. मी म्हटलं, आउट. जुन्या खेळाचा नियमच आहे.

"एक टप्पा मान्य," कॅप्टन म्हणाला, "पण एका हाताने. याने दोन हात लावले."

"आमच्या दादरच्या बिल्डिंगीत दोन हात चालायचे," अकाउंटंट म्हणाला.

"आमच्या कोथरूडला नाही चालायचे."

मी पुस्तकातला नियम सांगितला. कुणी ऐकलं नाही. सगळे मैदानाच्या मधोमध गोळा झाले. काकांनी दोन्ही बाजूंना मत मांडायला वेळ दिला. कुणीतरी उपसमिती सुचवली. मी अंगावर ओरडून पाहिलं, समजावून पाहिलं. वहिनी बॅट घेऊन आपल्या जागी उभ्याच होत्या. पुढची बारी त्यांची होती. हात दोन की एक, याचा निकाल लागायच्या आत आमची वेळ संपली आणि पुढचं बुकिंग असलेली शाळेची फुटबॉल टीम मैदानात शिरली.

"बघ," काका म्हणाले, "या खेळाला धड नियमच नाहीत."

"नियम आहेत, काका. तुम्ही त्यांच्यावर बैठक घेतलीत."

"सामना पूर्ण झाला नाही, हे तर खरं ना?"

ते खरं होतं. पुस्तकातल्या त्या जुन्या गावांतही नियमांवरून भांडणं होती. पण पाहुणे आले की यजमानांच्या नियमाने आधी खेळून घ्यायचे आणि जेवताना भांडायचे. आमच्याकडे आधी भांडण, मग जेवण, आणि खेळ राहूनच गेला.

परतताना बसमध्ये वहिनी माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "माझी बारी राहिली गं."

पुढच्या रविवारी क्रिकेट होतं. वहिनी पोहे घेऊन गेल्या. मी गेले नाही.