मान्यतेचा तास

अकोल्याच्या हायस्कुलात मी भूमिती शिकवायचो तेव्हा मला वर्गाची भीती कधी वाटली नाही. मुलं लहान होती, शिकवणं मराठीत होतं आणि निम्मा वर्ग माझ्यासारखाच खेड्यातून आलेला होता. 'मास्तर, मले नाई समजलं' असं कोणी म्हणालं की मीही 'कावून नाई समजलं?' असं विचारायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचो. असंच चालत राहिलं असतं तर मी तिथेच सुखाने म्हातारा झालो असतो.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली. अमरावतीच्या एका खासगी कॉलेजातले गणिताचे तरुण प्राध्यापक फौजेत नोकरी मिळाली म्हणून वर्ष अर्धवट टाकून निघून गेले. त्यांच्या जागी माणूस हवा होता. मी एम. ए. असल्याचं कोणीतरी तिथल्या गणिताच्या प्रमुखांच्या कानावर घातलं आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. हिवरखेडच्या शेतकऱ्याचा मुलगा कॉलेजात शिकवणार, म्हणून आमच्या गावात लोकांनी माझ्या वडिलांना पारावर बसवून चहा पाजला. मी अकोल्याची नोकरी सोडली, बायकोला घेऊन अमरावतीला आलो आणि अंबागेट या जुन्या वेशीच्या आत दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

पहिल्याच तासाला माझ्या लक्षात आलं की आपण मोठ्या संकटात सापडलो आहोत.

कॉलेजात सगळं इंग्रजीत चालायचं. मी इंग्रजी वाचलं होतं, लिहिलं होतं, पण चार वाक्यं सलग बोलण्याची वेळ कधी आली नव्हती. वर्ग उतरत्या बाकांचा होता. शेवटच्या रांगेतला मुलगा माझ्या डोक्यापेक्षा उंच बसायचा. मी 'जंटलमेन' म्हटलं आणि वरच्या बाकावरून कोणीतरी माझ्याच वऱ्हाडी हेलात तो शब्द परत म्हटला. वर्ग हसला. त्यानंतर पाय आपटण्याचा आवाज सुरू झाला. सुरुवात करणारा होता इथल्याच एका नामांकित वकिलाचा मुलगा. उंच, गोरा, सदा कोटाला बटण लावून बसलेला. मला त्याची इतकी धास्ती बसली की वर्गात शिरताना मी आधी तो आला आहे का ते पाहायचो.

घरी भाकर घशाखाली उतरेना.  तासाच्या आधी मी मागच्या अंगणात जाऊन ओकायचो आणि नळाखाली तोंड धुऊन बाहेर पडायचो. बायकोने काही दिवस पाहिलं आणि एकदा विचारलं,

"कावून जेवून नाई राहिले तुमी? मले सांगा तरी काय झालं."

"काही नाही. पाणी बाधलं असेल इथलं."

"पानी तर मी बी तेच पेते."

 दुसऱ्या दिवसापासून मी तासाला निघालो की ती खडीसाखर आणि ज्येष्ठमध माझ्या हातावर ठेवू लागली. मी समजलो, माझा घसा बिघडला आहे असं तिला वाटतं आहे.

त्यातच प्रमुखांनी मला एकदा त्यांच्या खोलीत बोलावलं. ते पुण्याचे. बोलणं स्वच्छ, तोलून मापून. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि म्हणाले, "अहो, तुमच्या मान्यतेचं आता पाहायला हवं. विद्यापीठाची समिती येते आहे."

विद्यापीठाने मान्यता दिल्याशिवाय मी कॉलेजचा शिक्षक नव्हतो, नुसता बदलीवरचा माणूस होतो. समितीचे लोक येणार, मागे बसून माझा एक तास पाहणार, नंतर मुलाखत घेणार आणि हा मनुष्य पदवीच्या मुलांना शिकवायला लायक आहे की नाही ते ठरवणार. नाही म्हणाले तर मी घेतलेले तास मुलांच्या हजेरीत धरायचे का, इथपर्यंत प्रश्न गेला असता. आणि अकोल्याच्या माझ्या जागेवर दुसरा मास्तर केव्हाच आला होता.

"तयारी आहे ना?" प्रमुखांनी विचारलं.

"हो सर," मी म्हणालो. तेवढं म्हणतानाही माझा आवाज चिरकला.

समिती यायच्या आधीचे दिवस आठवले की आजही अंगावर काटा येतो. मी पूर्ण तास इंग्रजीत लिहून काढला आणि पाठ केला. सकाळी शहराबाहेर नागपूरच्या रस्त्याने चालत जायचो आणि कपाशीच्या शेताकडे तोंड करून तो म्हणायचो. शेतातल्या बाया वेचणी थांबवून बघत राहायच्या. तिथे सगळं जमायचं. वर्गाचा दरवाजा डोळ्यांपुढे आणला की पहिलं वाक्यच सुचायचं नाही.

तो दिवस उजाडला. समितीत तिघे होते. अध्यक्ष म्हणजे नागपूरचे वयस्क गृहस्थ, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. दुसरे जबलपूरकडचे हिंदी बोलणारे प्राध्यापक आणि तिसरे नुसते लिहून घेणारे. ते प्रमुखांबरोबर मागच्या दारातून आले आणि सगळ्यात वरच्या बाकावर बसले, नेमके त्या वकिलाच्या मुलाच्या शेजारी.  मी चौथऱ्यावर चढलो, वर्गाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

शब्द विसरलो होतो असं नाही. पाठ केलेलं पहिलं वाक्य माझ्यासमोर लख्ख होतं. पण घशातून हवेपलीकडे काही बाहेर पडेना. मी खाकरलो. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच. वाटलं की आता आपण इथेच खाली कोसळणार. पळून जावं असंही मनात आलं. दार दोन पावलांवर होतं.

पळालो नाही, याचं कारण धैर्य नव्हे. पाय हलत नव्हते. हलू शकत होता तो फक्त उजवा हात, कारण त्यात खडू होता. मी वर्गाकडे पाठ केली आणि फळ्यावर पॅराबोलाचा वक्र काढला. त्याच्या शेजारी एक सरळ रेषा काढली. रेषेचं समीकरण लिहिलं, वक्राचं लिहिलं आणि खाली लिहिलं की ही रेषा या वक्राला दोन ठिकाणी छेदेल, एका ठिकाणी शिवेल की नुसती बाजूने निघून जाईल? पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग वर्गाकडे वळून उभा राहिलो. त्याखेरीज करण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं.

 मी एकाकडून दुसऱ्याकडे बघत होतो. त्या नजरेत काय होतं ते मला माहीत नाही, बहुधा काकुळतीच असावी. शेवटी वरून आवाज आला. वकिलाचा मुलगा उभा राहिला होता. त्याने इंग्रजीत सांगितलं की रेषा दोन ठिकाणी छेदेल, कारण ती तिरपी आहे.

उत्तर चूक होतं. त्याने मुद्दाम चूक सांगितलं की त्याला खरंच तसं वाटलं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मी पुन्हा फळ्याकडे वळलो, तितकीच तिरपी दुसरी रेषा वक्रापासून दूर काढली आणि तिच्या टोकाशी प्रश्नचिन्ह ठेवलं. पुढच्या बाकावरचा तेल्हाऱ्याचा एक मुलगा पटकन म्हणाला, तिरपेपणाने ठरणार नाही, दोन्ही समीकरणं एकत्र करायला हवीत. मी मान हलवली आणि पहिली पायरी लिहिली. दुसरी अर्धी लिहून थांबलो. तिघं चौघं एकदम बोलले. मी त्यातलं बरोबर ते लिहिलं, चूक होतं तेही लिहिलं, चुकीच्या वाटेने दोन ओळी पुढे नेलं आणि ते जिथे अडकलं तिथे फुली मारली. वर्ग हसला, पण या वेळी मला नाही. मुलं एकमेकांशी वाद घालू लागली आणि त्यातूनच रेषा वक्राला केव्हा शिवेल याची अट फळ्यावर उतरली. मी फळ्याला धरूनच उभा होतो.

तास संपत आला असेल तेव्हा मागून अध्यक्षांनी हात वर केला आणि थेट मला इंग्रजीत विचारलं, "रेषा जर वक्राच्या अक्षाला समांतर असेल तर? तेव्हाही तुमची अट लागू होते का?"

सगळी डोकी माझ्याकडे वळली. याला खडूने उत्तर देणं उद्धटपणाचं झालं असतं. मी सगळा जोर लावून बोलायचा प्रयत्न केला आणि एक घोगरा, फाटका आवाज बाहेर आला.

"तसं नाई होत सायेब. तिथं समीकरनातलं वर्गाचं पदच उडून जाते. एकाच जागी कापते, पन शिवत नाई."

पाठ केलेलं एवढं इंग्रजी, आणि तोंडातून हे निघालं. मला वाटलं, संपलं सगळं. कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी हात खाली घेतला. तिसऱ्या गृहस्थांनी काहीतरी लिहिलं. घंटा झाली.

मुलाखत प्राचार्यांच्या खोलीत होती. मला पाणी दिलं गेलं.  अध्यक्षांनी आता मराठीत सुरुवात केली.

"मुलांकडून सगळं वदवून घ्यायचं आणि आपण गप्प राहायचं. ही पद्धत आपण कुठे शिकलात?"

मी बोलायच्या आत आमचे प्रमुख म्हणाले, "गेले काही दिवस ते हा प्रयोग करताहेत. विभागात आमची तशी चर्चाही झाली होती."

अशी कुठलीही चर्चा झाली नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मला वाचवायला टाकलेला दोर होता तो, आणि मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण त्याच क्षणी वेगळीच भीती मनात शिरली. आज 'हो' म्हटलं तर उद्या हे लोक त्या पद्धतीवर आणखी विचारतील, पुन्हा बघायला येतील आणि मला जन्मभर त्या खोट्याच्या मागे धावावं लागेल. एवढं करण्याचं बळ माझ्यात नव्हतं.

"नाही सर," मी म्हणालो. आवाज अजून फाटकाच होता. "प्रयोग नव्हता. माझा आवाज गेला होता. घाबरलो म्हणून."

 जबलपूरच्या प्राध्यापकांनी शेजाऱ्याला हळूच हिंदीत अर्थ विचारला आणि तो कळल्यावर माझ्याकडे नीट पाहिलं.

अध्यक्ष म्हणाले, "आणि पुन्हा गेला तर?"

"पुन्हा फळ्यावर लिहीन."

"रोज?"

"रोज जाणार नाही असं वाटतं," मी म्हणालो. "पण खात्रीने सांगता येत नाही."

त्यांनी पुढ्यातले कागद मिटले. या आपण, एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर प्रमुख माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांना मी समितीपुढे खोटं पाडलं होतं. कित्येक दिवस ते मला पाहून वाट बदलायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

निकाल येईपर्यंतच्या सुट्टीत मी गावी गेलो. अकोल्याहून मोटारीने तेल्हारा, तिथून बैलांच्या दमणीत. वडील मळणीच्या गडबडीत होते. मी खळ्यावर जाऊन बसलो की ते माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. शेवटी कपाळ पुसत माझ्याजवळ येऊन बसले.

"कायचं भेव घेतलं बाबू तू? पोट्टे मारतेत का तुले?"

"नाही बाबा."

"सायेब शिव्या देते?"

"नाही."

"मंग?"

लोकांसमोर उभं राहिलं की घसा बंद होतो, हे त्यांना कसं सांगावं ते मला समजेना. तरी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले बी कचेरीत असंच होते. तहसीलदारापुढं नाव बी नाई निंगत तोंडातून." एवढं बोलून ते उठले आणि बैलांमागे गेले. मला धीर आला असं म्हणता येणार नाही. उलट वाटलं, हे रक्तातच आहे, आता यातून सुटका नाही.

निकाल आला तेव्हा प्राचार्यांनी बोलावून स्वतः सांगितला. मान्यता एका वर्षापुरती दिली होती. वर्षाने पुन्हा तपासणी होणार होती आणि त्या वेळी तोंडी व्याख्यान द्यावं लागेल अशी अट होती. प्राचार्य म्हणाले, "नाकारणार होते. अध्यक्षांनी धरून ठेवलं." का धरून ठेवलं ते त्यांना माहीत नव्हतं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे आनखी एक वरीस असंच ओकत काढा लागते काय?" तिला सगळं माहीत होतं तर. मी हसलो आणि मग मला रडू आलं.

ते वर्ष मी भीतीसकट शिकवलं. रोज आधी फळ्यावर एक प्रश्न लिहायचा, मुलांना बोलू द्यायचं आणि त्यांचा आवाज चढला की त्यात आपला मिसळून द्यायचा, असं करत मी इंग्रजीत उभं राहायला शिकलो. एखादा शब्द वऱ्हाडीत निघाला तर निघू दिला. पाय आपटणं हळूहळू थांबलं. वकिलाचा मुलगा परीक्षेआधी शंका विचारायला दोनदा घरी आला आणि खालमानेने बसून राहिला.

दुसऱ्या तपासणीला एकटे जबलपूरचे प्राध्यापक आले. मी आदल्या दिवशी जेवलो नव्हतो. ते थोडा वेळ बसले, मी पहिली पायरी समजावली तेवढी ऐकली आणि उठले. जाताना प्रमुखांच्या कानाशी काही बोलले. त्या दुपारी प्रमुखांनी मला वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या खोलीत बसायला सांगितलं, चहा मागवला आणि कायम मान्यतेची शिफारस झाल्याचं कळवलं.

"त्यांनी काय म्हटलं, सर?" मी विचारलं.

"म्हणाले, आवाज ठीक आहे."

नंतर जून महिन्यात कॉलेज उघडलं. आता मी विद्यापीठाचा मान्यताप्राप्त अध्यापक होतो, यादीत माझं नाव छापलं गेलं होतं. नवा वर्ग होता, नवी तोंडं. दाराशी पोचलो आणि पहिलं वाक्य पुन्हा सुचेना. मी चौकटीला हात टेकून क्षणभर उभा राहिलो. आतून मुलांचा गलबला ऐकू येत होता. मग खिशातून खडू काढला आणि आत गेलो.